शेतमजुराचा जीव कोणत्या खात्यात?

नाशिक जिल्ह्यातून युरोपला जाणारे द्राक्ष फार निगुतीने तपासले जाते. बागेची नोंदणी होते, कोणते औषध किती आणि काढणीच्या किती दिवस आधी मारले ते लिहून ठेवावे लागते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि किलोमागे मिलिग्रॅमचा अंश-अंश मोजला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. तेव्हापासून या तपासणीला कोणी हसत नाही.

त्याच पट्ट्यातल्या बागांमध्ये ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्टिंग करतात. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्यांनी आलेले मजूर स्पंजने किंवा कापडाच्या बोळ्याने काडी-काडीला ते लावत जातात. हे रसायन कातडी भाजते. हाताळणाऱ्याने त्या सुमारास दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. युरोपीय संघाने २००८ साली त्याला मान्यता नाकारली, आणि ती मुख्यतः हाताळणाऱ्या माणसाच्या काळजीने. हातमोजे आणि अंगरखा घालूनही शरीरात जाणारा अंश सुरक्षित मर्यादेपलीकडे जातो, असा तिथल्या तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. म्हणजे आपल्या मण्यात काय उतरले हे मोजणारी व्यवस्था आपण उभी केली, कारण समोर गिऱ्हाईक होते. पेस्ट लावणाऱ्या हातांत काय उतरले हे मोजायला कोणी नाही.

शेतीतल्या कामाच्या सुरक्षेबद्दल आपल्याकडे बोलणे कमी होत नाही. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, फवारताना तंबाखू खाऊ नका, दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, बूट घाला, विजेच्या वेळी झाडाखाली थांबू नका. सगळे सल्ले खरे आहेत. पण ते ज्याला दिले जातात त्याच्या हातात काम कधी सुरू करायचे, कोणते औषध आणायचे, कोणते यंत्र वापरायचे, यातले काहीच नसते. या प्रश्नाचा देशातला आणि बाहेरचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धोक्याची वस्तूच जिथे बदलली किंवा काढून टाकली तिथे माणसे मरायची थांबली. मजुराला शहाणे करण्यावर जिथे भिस्त ठेवली तिथे पोस्टर छापली गेली.

आधी आवाका पाहू. २०११च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख होते आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. महाराष्ट्रातही शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख, शेतकरी १ कोटी २६ लाख. त्यानंतर जनगणनाच न झाल्याने हेच आकडे वापरावे लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना खाणकाम, बांधकाम आणि शेती या तिघांना जगातले सर्वांत धोकादायक व्यवसाय मानते. त्यातल्या खाणींसाठी आपल्याकडे स्वतंत्र महासंचालनालय आहे, कारखान्यांसाठी राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. शेतीसाठी काय? कृषी खाते पीक पाहते. कामगार खाते किमान वेतनाचा दर काढते. आरोग्य खात्याकडे माणूस येतो तो स्ट्रेचरवरून, आणि महसूल खाते पंचनाम्याला. शेतात काम करताना किती माणसे मेली, किती अपंग झाली, याचा वेगळा हिशेब कुठल्याच कार्यालयात ठेवला जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ती सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, अपघाती विषबाधा अशा रकान्यांत विखुरलेली सापडतात.

श्रम संघटनेने २००१ साली शेतीतल्या सुरक्षा व आरोग्यासाठी १८४ क्रमांकाचा करार केला. शेतमजुरांना संघटित होण्याचा हक्क देणाऱ्या १९२१च्या करारावर भारताने दोनच वर्षांत सही केली होती, तीही इंग्रजांच्या राजवटीत. १८४ क्रमांकाच्या करारावर मात्र आजतागायत नाही.

या सगळ्याचे हिशेब एकदम पुढे आले ते २०१७च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक लोक मेले आणि आठशेहून अधिक दवाखान्यात भरती झाले. कोणाची दृष्टी गेली, कोणी आठवडेच्या आठवडे बेभान होता. त्यात शेतकरी होते तसे रोजंदारीने किंवा पंपामागे पैसे घेऊन फवारणारे मजूरही मोठ्या संख्येने होते. पंपामागे पैसे मिळत असतील तर माणूस दिवसात जास्तीत जास्त पंप मारतो. थांबून तोंड धुण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत.

ते वर्ष असे का निघाले याची कारणे नंतर बरीच चर्चिली गेली. बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी फैलावली होती. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, म्हणून नोझल वर धरून फवारावे लागत होते आणि तुषार थेट तोंडावर येत होते. हातपंपाच्या जागी बॅटरीवर चालणारे पंप आले होते. ते जास्त दाबाने, जास्त बारीक तुषार उडवतात, आणि असे तुषार श्वासातून सहज आत जातात. कृषी सेवा केंद्रात दुकानदार सांगेल त्याप्रमाणे दोन-तीन औषधे, वर एखादे टॉनिक, असे मिश्रण होत होते. हवा दमट होती. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे तयार मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, डायफेनथियुरॉन, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत होती. राज्य सरकारने त्यांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. हंगाम संपत आला होता.

यातली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. शरीरातल्या नसा स्नायूंना आदेश देतात आणि आदेश पोचला की कोलिनेस्टेरेझ नावाचे विकर तो पुसून टाकते. ही रसायने नेमके तेच विकर बंद पाडतात. आदेश पुसलाच जात नाही. लाळ, घाम, डोळ्यांचे पाणी वाहत राहते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिन वेळेवर आणि पुरेसे दिले तर माणूस वाचतो. रक्तातल्या कोलिनेस्टेरेझची तपासणी केली तर लक्षणे गंभीर व्हायच्या आधीच कळते की या माणसाने आता काही दिवस फवारणीला जाऊ नये. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०१७ साली ही तपासणी होत नव्हती. महाराष्ट्रातल्या कापसाच्या मुख्य जिल्ह्यांपैकी एकात, औषधे दुकानोदुकानी विकली जात असताना, त्यांची बाधा ओळखण्याची साधी सोय नव्हती. मला या प्रकरणातली ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते.

त्या वेळी अधिकारी आणि कंपन्या दोघांच्याही बोलण्यात एक सूर समान होता: लोकांनी संरक्षक साधने वापरली नाहीत. बरोबर आहे, वापरली नाहीत. पण विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा, गॉगल, मास्क आणि गमबूट घालून, पाठीवर पंधरा-वीस लिटरचा पंप घेऊन, गुडघाभर चिखलात सहा तास चालून दाखवा म्हटले तर किती साहेब तयार होतील? त्या किटमध्ये विषबाधा टळेल, उष्माघात होईल. खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आचारसंहिता याबाबत स्पष्ट आहे. जे औषध हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात, ते टाळावे, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या बाबतीत.

आपला कायदा १९६८चा, त्याचे नियम १९७१चे. त्या नियमांत औषध हाताळणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, प्रथमोपचार हे सगळे लिहिलेले आहे. मनात धरला गेला तो कारखान्यातला किंवा धूर-फवारणी करणाऱ्या कंपनीतला कामगार. दोन एकरांच्या शेतात मालक कोण, नोकर कोण, आणि तपासणीचा खर्च कोणाचा? डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणा सांगतो, पण तो शेतमालकाच्या घरी राहतो. मजुराच्या हातात येते ते बादलीत कालवलेले पाणी. बायकांची गोष्ट तर आणखी दुर्लक्षित आहे. फवारणी पुरुषांचे काम समजले जाते, पण पाणी वाहून आणणे, औषध कालवणे, पंप भरणे आणि नंतर ते कपडे धुणे बहुधा बायकांकडे असते. घट्ट औषधाशी थेट संबंध येतो तो या टप्प्यांत.

मोनोक्रोटोफॉसची कहाणी आपल्या कारभाराचा वेग दाखवते. भाजीपाल्यावर त्याचा वापर या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाला होता. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुले गेली, ती याच औषधाने. त्याच वर्षी नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशकांचा आढावा घेतला, त्यातून २०१८ साली अठरांवर बंदी आली. मोनोक्रोटोफॉस त्यांत नव्हते. २०२० साली २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, हरकती आल्या, उपसमित्या बसल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यातल्या मोजक्याच औषधांवर गदा आली आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण टप्प्याने बंद करायचे ठरले. नवा कीटकनाशक व्यवस्थापन कायदा २०२०मध्ये विधेयकाच्या रूपात राज्यसभेत आला होता; संसदीय समितीने अहवालही दिला आणि गाडी तिथेच रुतली. दरम्यान यवतमाळच्या पीडितांनी थेट स्वित्झर्लंड गाठले. तिथल्या कंपनीच्या औषधाने आपल्याला बाधा झाली असा दावा २०२१ साली बाझेलच्या न्यायालयात दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. निकाल काहीही लागो, शेतमजुराच्या घरच्या बाईला दाद मागायला बाझेल जवळ वाटावे, हा आपल्या व्यवस्थेवरचा निकाल आहे.

श्रीलंकेने काय केले हे शेजारी असून आपण फारसे पाहिले नाही. त्यांनी १९९५ साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केले, १९९८मध्ये एंडोसल्फान, पुढच्या दशकाच्या शेवटी पॅराक्वाटसकट आणखी काही. विष हाताशी राहिले नाही, तसे पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि भाताचे उत्पादन या बंद्यांमुळे घटल्याचे दिसले नाही. (२०२१ला रासायनिक खतांवर अचानक बंदी घालून त्यांनी जो गोंधळ केला तो वेगळा. त्याचे उदाहरण देऊन या बंद्यांना नावे ठेवणारे लोक भेटतात, म्हणून सांगितले.)

ड्रोनमुळे फवारणारा माणूस तुषारांपासून दूर जाईल, हे खरे. केंद्राने डिसेंबर २०२१मध्ये त्याची कार्यपद्धती जाहीर केली आणि ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार बचतगटांना ड्रोन द्यायचे ठरवले. पण ड्रोनची टाकी लहान, म्हणून औषध जास्त घट्ट कालवावे लागते. पंप भरणाऱ्या बाईचा धोका ड्रोन दीदीच्या बादलीत तसाच राहतो.

यवतमाळमध्ये मरण चार महिन्यांत आले म्हणून दिसले. ऊसतोडीत शरीर वीस वर्षांत झिजते, म्हणून दिसत नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनामागच्या दराने फेडायची. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, वाढे काढायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. राहायला कोपी: प्लॅस्टिक आणि वाढ्यांची, उभे राहता येणार नाही एवढी. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. आजारपणाने एक दिवस बुडाला तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात.

या रचनेत बाईची पाळी हा खाडा ठरतो. पाळीत मोळी उचलायची, बदलायला जागा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही. अंगावरून जाण्याचा त्रास वाढला की गावाकडच्या खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. २०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. दर सहा जणींत एक. त्या सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. बीडमध्ये यातल्या कित्येक जणी पस्तिशीच्याही आतल्या. इतक्या लवकर गर्भाशय, आणि अनेकदा बीजकोशही, काढल्यावर हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि त्याच कंबरेवर पुढच्या हंगामात मोळी असते.

समितीच्या शिफारशींनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया करू नये असा दंडक आला, हंगामाला जाण्याआधी व आल्यावर आरोग्य तपासणीचे ठरले. डॉक्टरांना वेसण घालणे आवश्यकच होते. पण त्या बाईला पिशवी नकोशी का झाली हा प्रश्न दवाखान्यात निर्माण झालेला नाही, तो फडात निर्माण झाला आहे. संडास, पाणी, खाड्याची बंदी आणि मोळीचे वजन या गोष्टी शल्यचिकित्सकांच्या हातात नाहीत. २०२४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुन्हा हाच विषय जगापुढे मांडला, तेव्हा मोठ्या खरेदीदार कंपन्यांची धावपळ झाली. इथेही शेवटी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनीच पाहिले गेले.

ऊसतोडीतला मजूर नेमका कोणाचा? कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम स्वतःच कर्जात असतो. शेतकरी म्हणतो, तोडणीचे पैसे माझ्या बिलातून कापले, माझा काय संबंध? एकाही ऊसतोड कामगाराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, पण त्याने तोडलेल्या उसाचा किलो-किलो काट्यावर मोजलेला असतो. म्हणूनच गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच सरकारने द्यायचे, ही कल्पना मला योग्य दिशेची वाटते. माथाडींच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ सालीच हे करून दाखवले: मालक बदलतो, पण माल मोजता येतो, तर मालावर लेव्ही बसवा आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना चालवा. फरक एवढाच की माथाडी मंडळात कामगाराची नोंद असते आणि त्याची मजुरी मंडळामार्फत जाते. ऊसतोडीत मजुरी अजून मुकादमामार्फत जाते, आणि जोवर ती तशी जाते तोवर खाडा कापायला कोणाची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. दरावर संप होतात, तडजोडी होतात. कोपीवर आणि संडासावर आजवर एकही हंगाम अडलेला नाही, हे संघटनांनीही मनावर घ्यायला हवे.

मध्य अमेरिकेतला ऊस इथे आठवतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये तिशी-चाळिशीतले ऊसतोड कामगार मधुमेह किंवा रक्तदाब नसताना मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. कडक उन्हात, पाणी न पिता, टनावर मजुरीसाठी न थांबता केलेले काम हे मुख्य कारण असल्याचे पुढे येत गेले. तिथल्या काही कारखान्यांनी ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, फिरती सावली आणि क्षार घातलेले पाणी सुरू केले, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे मोजमापातून दिसले. विश्रांती सक्तीची होती, हे महत्त्वाचे. ऐच्छिक विश्रांती टनावर काम करणारा कोणीच घेत नाही. आपल्याकडे आंध्रात उद्दानम भागात शेतकऱ्या-मजुरांत अशाच अनाकलनीय मूत्रपिंड विकाराचे मोठे प्रमाण आहे. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे हंगामाच्या आधी आणि नंतर तपासण्याइतके सोपे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना विषय म्हणून सहज घेता येईल.

ऊन हा आता सबंध शेतीचाच प्रश्न आहे. श्रम संघटनेच्या २०१९च्या अहवालाचा अंदाज होता की उष्णतेमुळे २०३० साली भारतातले ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास पूर्णवेळ रोजगारांइतके. आपले उष्णता कृती आराखडे मात्र अहमदाबादच्या २०१३च्या नमुन्यावर बेतलेले, शहराच्या तोंडवळ्याचे. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि लेकरांसाठी पाळणा यांची तरतूद आपण कायद्यात केली होती. तीच बाई दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेतात निंदायला गेली की यातले काहीही तिला मागता येत नाही.

यंत्रांच्या बाबतीत थोडी बरी बातमी आहे. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरयाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात मळणीयंत्रांनी इतके हात तोडले की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पेंढी आत सरकवण्याची घसरण लांब आणि वरून झाकलेली असावी, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोचूच नये, असे मानक ठरले. जिथे अशी यंत्रे आली तिथे अपघात घटले. गावातल्या वर्कशॉपमध्ये जोडलेल्या यंत्रांना कोण विचारतो? पदर, ओढणी, वेणी अडकून होणारे अपघात अजून छापून येतात. स्वीडनने १९५९ साली प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती भक्कम चौकट बंधनकारक केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळपास संपले. चालकांना संथ चालवा असे सांगून ते झाले नसते.

साप-विंचवांचे प्रकरण या सगळ्यात निराळे, कारण इथे दोषी कोणी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, पावसाळ्यातली, कामाच्या वयातली. पण निसर्गाचा म्हणून सोडून दिलेला धोकाही किती कमी करता येतो हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्यांतले पाव भागाहून अधिक रुग्ण पूर्वी दगावत. बावस्करांनी रायगडातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत काम करताना प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले आणि ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले, २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. सर्पदंशावरची राष्ट्रीय कृती योजना मार्च २०२४ची. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे तिचे उद्दिष्ट. तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविष आणि ते देताना रिॲक्शन सांभाळणारा डॉक्टर असला की अर्धे काम होते. उरलेल्यातला एक भाग महावितरणच्या हातात आहे. शेतीला रात्रीची वीज मिळते म्हणून लोक अंधारात पाणी धरायला जातात, आणि मण्यार रात्रीच फिरते. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. वीजबिलाच्या चर्चेत कोणी म्हणत नाही, पण ती सर्पदंश प्रतिबंधाचीही योजना आहे.

वीज पडून २०२२ साली देशात २ हजार ८८७ माणसे गेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आधी इशारा देते; भातखाचरात उभ्या बाईच्या कमरेला मोबाइल असतोच असे नाही. कोकणात लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस, आणि काजूच्या हंगामात गोचिडींमार्फत येणारा माकडताप: गोव्यात सत्तरीत २०१५ला, दोडामार्गात २०१६ला त्याने काजू बागायतीतल्या लोकांना गाठले. काजूचा दर रोज छापून येतो. माकडताप छापून येतो तो फेब्रुवारी-मार्चची आठवण म्हणून.

आता नुकसानभरपाई. राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख. सर्पदंश, वीज, विजेचा धक्का, विषबाधा सगळे तिच्यात येते. विमा कंपन्यांचा जाच काढून २०२३पासून सरकारने ती स्वतःकडे घेतली, हे चांगलेच झाले. पण लाभ खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका सदस्याला. सातबाऱ्यावर नाव पाहिजे. एकाच विहिरीवर, एकाच मोटरीचा धक्का बसून शेतमालक आणि त्याचा सालगडी मेले, तर मालकाच्या घरी दोन लाख जातील. सालगड्याच्या घरी, त्याने वर्षाला वीस रुपये भरून बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा घेतला असेल तर त्याचे, नाहीतर काही नाही.

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतातली कीटकनाशक फवारणी होती. आजवर किती शेतमजुरांनी तिचा आधार घेतला? मालकही गरीब, साक्षीदारही त्याच गावचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षेची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना धरते. आपल्याकडची बहुतेक शेते या आकड्याच्या खाली आहेत. केरळने १९७४ साली शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि नंतर कल्याण निधी उभारला. महाराष्ट्राने माथाडींसाठी केले ते शेतमजुरांसाठी केले नाही. लहान शेतकऱ्यावर कारखानदारासारखी जबाबदारी टाकावी असे मी म्हणणार नाही. तो मोडेल आणि मजुराला काही मिळणार नाही. जबाबदारी तिथे टाकावी जिथे माल मोजला जातो आणि पैसा जमा होतो: औषधाच्या डब्यावर, उसाच्या टनावर, कापसाच्या क्विंटलवर, निर्यातीच्या कंटेनरवर.

हे सगळे एकदम होणार नाही. पण तीन गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. सानुग्रह अनुदान योजनेतली सातबाऱ्याची अट काढून ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर शेतमजुराला ती लागू करणे, हा एका शासन निर्णयाचा प्रश्न आहे. कपाशी, द्राक्ष आणि डाळिंबाच्या प्रत्येक जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात कोलिनेस्टेरेझची मोफत तपासणी सुरू करणे, हा एका आरोग्य संचालकाच्या आदेशाचा. आणि ज्या कारखान्याच्या तळावर संडास, पाणी आणि वीज नाही त्याला गाळप परवाना न देणे, हा साखर आयुक्तांच्या सहीचा. पुढच्या हंगामाचे परवाने निघण्याआधी आपल्या आमदाराला या तिन्हींबद्दल एक पत्र लिहा.